दिवा कोणत्या हातात

दाढ दुखत होती म्हणून सदरला गेलो,
श्येबाईंच्या दवाखान्यात, भर मे महिन्यात,
कूलरमध्ये पाणी कमी, खडखडाट जास्त.
टेबलावर वर्तमानपत्रांखाली एक मासिक होतं,
त्यांच्या आजोबांचं, शांघायचं,
पानं सुक्या तंबाखूच्या रंगाची.
चाळलं. अक्षरं म्हणजे खिडक्या, सगळ्या लावलेल्या.
आणि मधल्या पानावर
ती.

पाठमोरी नाही, समोरचीही नाही, जराशी वळलेली,
हातात दिवा, अर्ध्या चेहऱ्यावर शाई,
उरलेला चेहरा नुसता कागद.

मी म्हणालो, "हिला मी ओळखतो."
श्येबाई म्हणाल्या, "काका, तोंड उघडा."

तोंड उघडं असताना सांगता येत नाही ते हे:
एकाहत्तर साली महालातल्या छापखान्यात
निमजे मास्तरांच्या कथेला चित्र हवं होतं, दिवाळी अंकासाठी.
मालकांनी एक विलायती पुस्तक पुढे टाकलं, पुठ्ठा गेलेलं.
"यातली बघ एखादी. नऊवारी नेसव, झालं."
मी शिवणीच्या फळीवर तिला कोरलं,
झग्याचं लुगडं केलं, टोपीच्या जागी पदर.
दिवा तोच ठेवला.
चेहऱ्यातली कोरी जागाही तशीच ठेवली,
कारण तिथं काय असतं ते मला कोरता येईना.
मास्तरांनी पहिला ठसा पाहिला,
चष्मा पुसला, परत पाहिला,
आणि आपल्या कथेची शेवटची दोन पानं फाडली.
त्यांची नायिका रडत, हात जोडत घरात परत जाणार होती.
आता ती दारात उभीच राहिली.
"रंगारी, तुह्या बाईनं माही गोष्टच बिघडवून टाकली नं,"
म्हणाले, आणि चहा पाजला.

दाढ भरून झाल्यावर श्येबाईंनी वाचून दाखवलं.
त्यांची चिनी तुटक, मराठी पक्की नागपुरी,
बोट वरून खाली जात होतं, विहिरीत दोर सोडावा तसं:
"ती उभी आहे. दिवा आहे. दार लागलेलं आहे.
कोणी बोलून नाही राहिलं.
बस, इतकंच लिहून आहे, काका."

आजोबा सांगायचे म्हणे,
आधीच्या गोष्टी भरगच्च, जरीच्या काठासारख्या.
मग बोटीनं ही चित्रं आली,
काळं आणि पांढरं, मधलं काहीच नाही,
आणि लिहिणाऱ्या पोरांना वाटायला लागलं
की वाक्यातही अशी जागा सोडता येते.

तिथंही कुणीतरी तिचा झगा उतरवला होता,
उंच गळपट्टीचा लांब अंगरखा चढवला होता.
कोण असेल? माझ्यासारखाच, अंगठ्याला चिंधी बांधलेला,
नगावर पैसे घेणारा?

मग दिसलं. दिवा तिच्या उजव्या हातात.
विलायती पुस्तकात तो डाव्या हातात होता, पक्कं आठवतं,
कारण ठशासाठी चित्र उलटं कोरावं लागतं
आणि मी ते विसरलो होतो, मालक ओरडले होते,
माझ्याही बाईचा दिवा उजव्या हातात गेला होता.
श्येबाईंचा दात बघायचा बारका आरसा मागून घेतला,
पानाजवळ धरला. ती विलायतेची झाली.
काढला. शांघायची.
म्हणजे तोही विसरला होता.
इतक्या लांबच्या माणसाशी माझं नातं,
आणि तेही चुकीचं.

घरी येऊन फळी शोधली.
कूलरच्या स्टँडखाली निघाली. एक पाय आखूड होता,
पोरानं टेकू दिला होता. पाच उन्हाळे पाणी पिऊन फुगलेली.
वाळवली. शाई लावली. चमच्याच्या पाठीनं घासून ठसा काढला.
पदराच्या रेघा गेल्या. दिवा राहिला.
काळ्या अर्ध्यात एक भेग उतरली आहे,
ओठाच्या कडेनं, मी न कोरलेली.

तो ठसा आता सदरला भिंतीवर आहे,
खुर्चीत मान मागे टाकली की समोर.
परवा बाकावरच्या एका पोरानं गाल धरून विचारलं, ही कोण?
"आमच्याकडची," श्येबाई म्हणाल्या.
मलाही तेच म्हणायचं होतं,
पण तोंड उघडं होतं.